डबीची भाषा

दूरचित्रवाणीस जोडावयाची डबी घेण्यासाठी चिरंजीवांसह दुकानी गेलो. विक्रेता ‘फोर-के’ची आरती गाऊ लागला. मी निमूटपणे पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात २००४ सालच्या दिवाळीची फीत होती : चकल्या तळता तळता हसणारी आमची आई. आता ती तेवढ्यापुरतीच उरली आहे.

महागड्या डबीतून हसू ऐकू आले; पडदा मात्र काळाच! चिरंजीव म्हणाले, “बाबा, एमकेव्ही हे नुसतं वेष्टन. मी आत भाषा वापरलीय ती २०१८ साली आलेली एव्ही-वन. ती हिला येत नाही.”

शेजारच्या स्वस्त डबीला ती येत होती. आई पडद्यावर आली आणि मी चष्मा पुसू लागलो.

वाचकहो, किंमत मागाहून विचारा; आधी घरची फीत लावून पाहा.