जॅक नसलेला जेसीबी

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला. मांजरा नदी इथंच उगम पावते, सौताड्याचा धबधबाही इथलाच. (आदर्श गाव म्हणून गाजलेलं भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा ते हे नव्हे. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, आमचं बीडमधलं.) पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दोन यंत्रं इथल्या पोरांच्या रोजच्या बघण्यातली. एक जेसीबी. विहीर असो, शेततळं असो, नाला खोल करायचा असो, तोच लागतो. पुढारी निवडून आला की बकेटमधून गुलाल आणि फुलं उधळायलाही तोच येतो. दुसरं यंत्र म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्यामागच्या दोन ट्रॉल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं पातेल्यांपासून शेळीपर्यंत सगळा संसार ट्रॉलीत भरून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतात.

त्यामुळे इथल्या पोराला खेळण्यातल्या गाडीनं फसवणं अवघड. मागे माझ्या भाच्याला प्लॅस्टिकचा जेसीबी आणला. पिवळाधमक, काचा काळ्या, टायरवर खोल नक्षी. त्यानं तो हातात घेतला, उलटा केला, मागून पाहिला आणि म्हणाला, "मामा, ह्याला जॅकच न्हाईत की. खांदताना सरकंल ना हे."

बरोबर बोलला तो. खरा जेसीबी मागच्या हातानं खोदायला लागतो तेव्हा मागचे दोन पाय जमिनीवर टेकवतो आणि पुढची मोठी बकेटही खाली दाबतो. भार टायरांवरून निघून ह्या टेकूंवर जातो. हे टेकू म्हणजे आमच्याकडचे जॅक. ते नसतील तर दात मातीत रुतताच माती उकरली जाण्याऐवजी यंत्रच खड्ड्याकडे ओढलं जाईल. खेळणं बनवणाऱ्यानं रंग, काच, टायर सगळं नेमकं उतरवलं होतं. ज्याच्या जोरावर यंत्र काम करतं तेवढंच गाळलं होतं.

जुळणीच्या खेळण्यांमध्ये, म्हणजे तुकडे जोडून गाडी उभी करायच्या संचांमध्ये, हा वाद जुना आहे. गाडी हुबेहूब दिसायला हवी, की हुबेहूब चालायला हवी? दोन्ही द्या असं म्हणणं सोपं आहे. पण खेळणं लहान असतं, आणि लहान होताना त्याला कुठं तरी खोटं बोलावंच लागतं. माझं मत असं, की संच कितीही स्वस्त असो वा महाग, एक हालचाल निवडून तिच्याशी त्यानं प्रामाणिक राहावं. बाकीच्या थापा मुलं खुशाल चालवून घेतात.

लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका पेढीवर कारकुनी करणाऱ्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ साली पेटंट घेतलं ते भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचं. दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे अर्धा इंच. पट्टी, बोल्ट, आख आणि दातेरी चाक एवढ्या सामानात क्रेनही व्हायची आणि मोटारही. १९०७ मध्ये ह्या संचाला मेकॅनो हे नाव मिळालं. पुढे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत ते डबे आले. झेफिर कंपनीचे 'मेकॅनिक्स' संच ही त्याच घराण्यातली आपली देशी शाखा. मेकॅनोची मोटार दिसायला सांगाडाच. पण १९ दात्यांचं चाक ५७ दात्यांच्या चाकाला लावलं की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तिप्पट होतो, हे मुलाच्या बोटांना कळायचं. पुढे वाकवता येणारे पत्रे आले. सांगाड्याला अंग झाकायला कापड मिळालं आणि वाद तिथून सुरू झाला.

लेगोनं हा वाद आणखी टोकाला नेला. १९७७ साली त्यांनी यांत्रिक संचांची मालिका काढली. तिच्यातली मोटार म्हणजे उघडी चेसिस. चाकं ढकलली की चार पिस्टन वरखाली होणार, स्टिअरिंग फिरवलं की रॅक-पिनियननं पुढची चाकं वळणार, सीट मागेपुढे सरकणार. दरवाजे नाहीत, बॉनेट नाही, टप नाही. १९९४ च्या 'सुपर कार'मध्ये चारही चाकांना ओढ, चारही चाकांना स्टिअरिंग, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि चार गिअर. अंग मात्र अजून बरगड्या दिसणारं. मग २०१६ ची पोर्शे आली, २,७०४ तुकड्यांची, अंगावर गुळगुळीत नारिंगी पत्रे. २०१८ ची बुगाटी शिरॉन ३,५९९ तुकड्यांची. तिच्यात १६ सिलिंडरांचं इंजिन आणि आठ गिअर. गंमत अशी, की खऱ्या शिरॉनला सातच गिअर असतात.

मला हा आठवा गिअर फार बोलका वाटतो. खेळण्यातली यंत्रणा खऱ्या गाडीचं काम समजावण्यासाठी उरली नाही, खोक्यावर छापायचा आकडा झाली. शिवाय ती दिसत नाही. तासन्‌तास खपून पोरगं गिअरबॉक्स जुळवतं आणि त्यावर पत्रा बसला की संपलं. त्यातून दात्यांची प्रत्येक जोडी थोडं घर्षण वाढवते. चाकापासून पिस्टनपर्यंत एवढे दाते झाले की गाडी ढकलताना ती अडते आणि टायर फरशीवर घासत जातो. चालण्यासाठी घातलेल्या यंत्रणेमुळेच गाडी नीट चालत नाही.

दोष सगळा कारागिराचा नव्हे. भूमितीचाही आहे. खरी गाडी सगळ्या बाजूंनी दहापट लहान केली तर तिचं वजन हजारावा भाग होतं, पण तिचे भाग कापाच्या आकारानुसार शंभराव्या भागापर्यंतच कमजोर होतात. म्हणजे आपल्या वजनाच्या मानानं खेळणं खऱ्या गाडीपेक्षा दहापट दणकट. म्हणून प्लॅस्टिकचा आख चालून जातो. पण स्प्रिंगचं गणित तिथंच बिघडतं. उसानं भरलेली ट्रॉली खड्ड्यातून निघते तेव्हा संथपणे डुलते. दहापट लहान ट्रॉली तेवढ्याच प्रमाणात नीट केली तरी सुमारे तिपटीनं झटपट हलते, आणि त्यातही स्प्रिंग कडक असेल तर उसळी मारते. रूप कितीही जुळवा, हालचाल बघताच डोळ्यांना कळतं की हे लहान आहे. सिनेमावाले लहान मॉडेलचं चित्रण जास्त वेगानं करून पडद्यावर संथ दाखवत, ते ह्याच कारणानं.

पुन्हा जेसीबीकडे येऊ, कारण तिथं एक चांगलं खोटं सापडतं. खऱ्या यंत्राचा हात तेलाच्या दाबावर चालतो. लेगोनं १९८४ मध्ये हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर आणले. तत्त्व जवळचं, पण हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणून हात झटक्यात उठायचा आणि नेमका मधेच थांबवणं कठीण जायचं. २००८ मध्ये आतून स्क्रू असलेला दांडा आला. तत्त्व पूर्ण वेगळं. पण दिसतो सिलिंडरसारखा, सरकतो तसाच संथपणे आणि मोटार थांबली की जिथल्या तिथं टिकून राहतो. ऑपरेटर लिव्हर सोडतो तेव्हा खरा हातही तसाच थांबतो. इथं तत्त्व खोटं पण वागणूक खरी. मी ह्या खोट्याला पूर्ण गुण देईन.

त्याच हाताच्या टोकाला आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सिलिंडर बकेटला थेट ढकलत नाही. मधे दोन छोटे दांडे असतात आणि चार खिळ्यांचा एक चौकोन होतो. सिलिंडर थोडा सरकला तरी बकेट मनगटासारखी पूर्ण वळते ती ह्या चौकोनामुळे. स्वस्त खेळण्यांत तिथं एकच खिळा असतो. बकेट लोंबकळते, वळत नाही.

हा चौकोन शिकायला लेगो लागत नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून १९७५ साली बाहेर पडले आणि पुण्याच्या टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ मध्ये त्यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात वेळ घातला आणि पुढे आयुष्यच खेळण्यांना दिलं. पुण्याच्या आयुकामधली मुक्तांगण विज्ञान शोधिका कित्येकांनी पाहिली असेल. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा सगळ्यात स्वस्त संच म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन डगमगतो. घर बांधताना हे डगमगणं खोट ठरतं, बकेट वळवताना तेच कामाला येतं. गुप्तांच्या काड्यांना रूप म्हणाल तर काहीच नाही, पण एकही गोष्ट खोटी नाही.

आमच्या भागात असे संच पूर्वीपासून आहेतच, फक्त खोक्यात येत नाहीत. ज्वारीचं वाळलं धाट घ्यायचं, साल सोलायची. आतल्या मऊ पांढऱ्या गाभ्याचे ठोकळे करायचे आणि सालीच्या टणक काड्या त्यात टोचून बैलगाडी उभी करायची. गाभा म्हणजे जोड, साल म्हणजे दांडा. हॉर्नबीच्या पट्टी-बोल्टाहून विचार निराळा नाही. दुसरी तारेची गाडी. बांधकामावरची बाइंडिंग तार, जुन्या चपलेच्या तळव्याची गोल कापलेली चाकं आणि उभ्यानं चालवता यावी म्हणून छातीपर्यंत आलेला स्टिअरिंगचा लांब दांडा. तो दांडा थेट पुढच्या आखाला जोडलेला. दांडा वळवला की अख्खा आख वळतो.

ह्या दोन्ही गाड्यांत एक बारकावा आपोआप साधला जातो, जो महागड्या संचात मुद्दाम घालावा लागतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. मोटारीत इंजिन दोन्ही चाकांना ओढतं, म्हणून मधे डिफरन्शिअल बसवावं लागतं. बैलगाडीचा आख स्थिर, चाकं त्यावर सुटी फिरणारी, आणि ओढणारे बैल समोर. डिफरन्शिअलची गरजच नाही. तारेच्या गाडीचंही तसंच. उलट, ज्या खेळण्यात दोन्ही मागची चाकं एकाच आखाला घट्ट बसवलेली असतात ते वळताना एक चाक घसटत नेतं.

तेव्हा दिवाळीत संच घ्यायचा असेल तर खोक्यावरचं चित्र बाजूला ठेवा. दुकानदारानं परवानगी दिली तर जुळवलेला नमुना उलटा करून बघा. मागची दोन्ही चाकं वेगवेगळी फिरतात का, पुढची खरंच वळतात का, बकेटला सांध्यावर एक खिळा आहे की चौकोन. आतली यंत्रणा बघायला पत्रा सहज उघडतो का, हेही बघा, कारण न उघडणाऱ्या पत्र्याआडची यंत्रणा पोराला एकदाच भेटते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती असावीच. घरात रांगतं मूल असेल तर सुटे बोल्ट त्याच्या हाती लागू देऊ नका.

आणि कुणी संच बनवणारा हे वाचत असेल तर त्याला एक गाडी सुचवतो. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरला इंजिन नकली चालेल, गिअर नसले तरी चालेल. पण ट्रॉलीचा पुढचा आख दांड्यासोबत फिरणारा हवा आणि दुसरी ट्रॉली पहिलीला तशीच जोडलेली हवी. मग पोर वळण घेईल तेव्हा मागची ट्रॉली थोडी आत कापत जाईल आणि कोपऱ्यावरची उभी काडेपेटी पाडेल. मागे घ्यायला जाईल तेव्हा दोन्ही ट्रॉल्या विळीसारख्या मिटतील. कारखान्याच्या आवारात ड्रायव्हर ट्रॉल्या सोडवून एकेक का लावतात, ते पोराला न सांगता कळेल. ह्यासाठी लागतात दोन खिळे आणि दोन फिरते आख.

राहिलं रूप. कारखान्याच्या रस्त्यावर उभा असलेला ट्रॅक्टर बघा. समोर काळी बाहुली आणि लिंबू-मिरची, टपाला झालर, आरशाला गोंडे, ट्रॉलीच्या फळीवर मुलांची नावं आणि आई-वडिलांचा आशीर्वाद. कंपनीच्या दारातून निघाला तसा कोरा ट्रॅक्टर इथं क्वचित दिसतो. म्हणजे आमच्या ऊसगाडीचं रूप मुळात कंपनी ठरवत नाही, मालक ठरवतो. सजावट हा इथं खरेपणाचाच भाग. म्हणून संचवाल्यानं छापील स्टिकर कमी द्यावेत, लोकरीच्या दोन लड्या आणि एक रंगाची डबी द्यावी, मागच्या फळीवर नावासाठी जागा कोरी सोडावी. लाल रिफ्लेक्टर मात्र त्यानंच बसवून द्यावा. उसाच्या ट्रॉलीला तो नसला तर रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही, आणि हे ह्या रस्त्यांवरच्या पोरांना जॅकइतकंच पक्कं ठाऊक आहे.