विकलन आणि फरक : एकाच जिन्याची दोन रूपे

०, १, ४, ९, १६ या वर्गसंख्या घ्या. लगतचे फरक १, ३, ५, ७ येतात. त्यांचे फरक २, २, २ आणि पुढे ०. क्ष² चे विकलन केले तर २क्ष, मग २, मग ० मिळते. हे साम्य वरवरचे आहे का?

विकलनासाठी एक जिना बांधू : १, क्ष, क्ष²/२, क्ष³/६... विकलन केले की प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उतरते. १ चे ० होते. फरकासाठी, म्हणजे फ(क्ष+१) − फ(क्ष) साठी, जिना असा : १, क्ष, क्ष(क्ष−१)/२, क्ष(क्ष−१)(क्ष−२)/६... येथेही तेच घडते. कोणतीही बहुपदी दोन्ही जिन्यांच्या पायऱ्यांत एकाच प्रकारे मांडता येते. पायरीला पायरी जोडली की एका क्रियेचे दुसरीत भाषांतर होते. अशा क्रियांना ‘समरूप’ म्हणतात. दोन्ही क्रिया ‘एक पायरी खाली’ या सरकवण्याच्या क्रियेशी समरूप आहेत.

बहुपदींवरील कोणती रेषीय क्रिया अशी असते? तीन अटी पुरतात.

१) शून्य होणाऱ्या बहुपदी एकाच शून्येतर बहुपदीच्या पटीत असाव्यात.
२) प्रत्येक बहुपदी कशाचे तरी उत्तर म्हणून मिळावी.
३) क्रिया पुनःपुन्हा केल्यास प्रत्येक बहुपदी शेवटी शून्य व्हावी.

पहिली अट तळाची पायरी देते, दुसरी वरच्या पायऱ्या. तिसरीमुळे एकही बहुपदी जिन्याबाहेर राहत नाही : समजा, एखादी बहुपदी पाच वेळांत शून्य होते. तिच्यातून पाचव्या पायरीची योग्य पट वजा केली, की उरलेली चार वेळांतच शून्य होते. असेच खाली उतरावे.

‘विकलन करून क्ष ने गुणा’ ही क्रिया मात्र क्ष ला क्ष च ठेवते. तिसरी अट मोडली, जिना नाही.

अनंत श्रेणींच्या अवकाशांत प्रश्न अवघड होतो, कारण भाषांतराने फलनांची परस्परांतील जवळीकही राखावी लागते. जान-कार्लो रोटा यांनी १९६० मध्ये या दिशेने महत्त्वाचे काम केले.

याचा वर्गात उपयोग? क्ष² म्हणजे तिसऱ्या पायरीची दुप्पट अधिक दुसरी पायरी. बेरजेसाठी दोन्ही एकेक पायरी वर चढवा आणि क्ष = १०१ ठेवा : २ × १,६६,६५० + ५,०५० = ३,३८,३५०. ही १ ते १०० च्या वर्गांची बेरीज. घनांसाठी विद्यार्थ्यांकडून हेच करून घ्यावे.