लास वेगासला जाताय? खिसा सांभाळून मजा कशी करायची, ते नेहमी जाणाऱ्यांकडून शिका

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर चढायचं तर आधी प्रवेश फी भरावी लागते. लास वेगासमध्ये उलटं आहे. कुठल्याही कॅसिनोत फुकट शिरा, फिरा, बाहेर पडा. मग एवढ्या मोठ्या इमारती उभ्या कशा राहिल्या? हे गणित ज्याला कळलं, त्याला वेगास महाग पडत नाही. तिथे वारंवार जाणारे लोक पुढच्या गोष्टी कटाक्षाने पाळतात.

वार बघून बुकिंग करा

शुक्रवार-शनिवारी खोल्या महाग, सोमवार ते गुरुवार बऱ्याच स्वस्त. जानेवारीतलं सीईएस प्रदर्शन आणि नोव्हेंबरमधली फॉर्म्युला वन शर्यत या काळात दर आभाळाला भिडतात. शिवाय बहुतेक मोठी हॉटेलं भाड्यावर रोजची रिसॉर्ट फी लावतात. ती धरून एकूण रक्कम किती होते ते बघा आणि मगच दोन हॉटेलांची तुलना करा.

खोलीतल्या फ्रिजला हात लावू नका

अनेक हॉटेलांत मिनीबारला सेन्सर असतात. बाटली नुसती उचलून परत ठेवली, तरी ती बिलात येऊ शकते.

चाकावरची शून्यं मोजा

अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात. १ ते ३६ आकडे, एक शून्य आणि एक डबल शून्य. तुमचा आकडा लागला तर पैसे मिळतात ३५ पट. हा जो फरक आहे तीच कॅसिनोची कमाई, म्हणजे सरासरी ५.२६ टक्के. एकच शून्य असलेल्या चाकावर ती २.७० टक्के असते, तर तीन शून्यांच्या चाकावर ७.६९ टक्के.

इथे एक मेख आहे. ही टक्केवारी तुम्ही खिशात आणलेल्या पैशांवर लागत नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर लागते. डबल शून्याच्या चाकावर १० डॉलरचे ४० डाव खेळलात तर ४०० डॉलर फिरले आणि सरासरी २१ डॉलर गेले. एखाद्या रात्री नशीब साथ देईलही, पण जितका जास्त वेळ बसाल तितकं गणित कॅसिनोच्या बाजूने झुकत जातं.

टेबलावर काय लिहिलंय ते वाचा

ब्लॅकजॅकच्या टेबलावर ३:२ किंवा ६:५ असं लिहिलेलं असतं. १० डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला तर पहिल्या टेबलावर १५ डॉलर मिळतात, दुसऱ्यावर १२. खेळ तोच, पत्ते तेच!

फुकटची दारू खरंच फुकट असते का?

खेळणाऱ्यांना पेयं मोफत मिळतात. आणून देणाऱ्याला एक-दोन डॉलर टिप देण्याची पद्धत आहे. पण दोन पेगनंतर डाव मोठे होतात, ही खरी किंमत.

खरी मजा टेबलाबाहेर आहे

बेलाजिओची नाचणारी कारंजी, त्याच हॉटेलातली फुलांची बाग, फ्रीमॉन्ट स्ट्रीटच्या छतावरचा लाइट शो, हे सगळं मोफत बघता येतं. मात्र स्ट्रिप हा रस्ता साडेसहा किलोमीटरहून लांब आहे. समोर दिसणारं हॉटेल चालायला लागलं की संपता संपत नाही. स्ट्रिपवरून जुन्या शहरात जायला ड्यूस नावाची बस चोवीस तास मिळते.

जिंकलात तर?

स्लॉट मशीनवर मोठा जॅकपॉट लागला, तर परदेशी पर्यटकाचे साधारण ३० टक्के कर म्हणून तिथेच कापले जातात. रूलेट आणि ब्लॅकजॅकच्या कमाईवर ही कपात नाही. जुगारासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवंच.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे परत मिळावेत अशी आपण अपेक्षा करत नाही. खेळायचे पैसेही तसेच समजा. रोजची रक्कम रोखीने वेगळी काढा आणि एटीएम कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवून खाली उतरा. रक्कम संपली की खेळ संपला. गेलेले पैसे परत मिळवायला बसलात, की तिथून पुढे ती करमणूक राहत नाही.