कारखाना बंद, गाडी चालू

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला. यामाहा आरएक्स 100 चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. राजदूत 350 तर ऐंशीचं दशक संपता संपताच बाजारातून गेली होती. कंपनीचा आधार नाही, सर्व्हिस सेंटर नाही, सुट्या भागांची हमी नाही. अशा गाड्या एव्हाना भंगारात गेलेल्या असायला हव्यात. पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत पाहावं तर त्या रांगेनं उभ्या असतात, आणि संध्याकाळी आपल्याच चाकांवर घरी परततात.

याचं श्रेय मालकांना आणि गल्लीबोळातल्या मिस्त्रींना द्यायला हवं. काय उघडायचं, काय बदलायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे ज्यांना कळलं त्यांच्याच गाड्या टिकल्या. हौसेपोटी वाट्टेल ते कापणाऱ्यांनी आणि गाडीला हातच न लावता ती पडवीत झाकून ठेवणाऱ्यांनी सारख्याच गाड्या घालवल्या.

जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. शस्त्रास्त्रांचे उत्पादक फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलीचा परवाना घेतला, तिथून हा प्रवास सुरू झाला. भारतात ही गाडी आणली मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी. म्हैसूरचा कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला आणि 1961 पासून इथं बांधलेल्या जावा रस्त्यावर आल्या. 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव दिसू लागलं. 1978 मध्ये आली रोडकिंग, आजही जिच्यासाठी सर्वाधिक धावाधाव होते ती.

या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक. 65 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, म्हणजे जवळजवळ 250 सीसी. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांचा लिव्हरही एकच: आत दाबून मागे फिरवला की किक, पुढे आणला की गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटावा अशी कळ इंजिनातच बसवलेली आहे. त्यामुळे वाटेत क्लचची केबल तुटली तरी जावावाला अडून बसत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करायची, गिअरच्या लिव्हरवर पाय हळूहळू सोडत निघायचं आणि घर गाठायचं. ज्यांनी हे आराखडे काढले त्यांनी गाडी रस्त्यात बिघडणार हे गृहीतच धरलं होतं. बिघडली तरी ती चालवणाऱ्याला सावरता यावी, ही सोय त्यांनी करून ठेवली.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. नोकरदाराला तेच हवं होतं, यात त्याची काही चूक नाही. पण विसरून जायच्या गाडीशी माणसाची ओळख होत नाही. जुन्या गाडीची देखभाल म्हणजे ती ओळख, आणि ती सुरू होते पॉइंटपासून.

जावाच्या इंजिनाचं उजव्या बाजूचं झाकण काढलं की डायनॅमो दिसतो. क्रँकच्या टोकावर तो फिरतो आणि तिथंच पॉइंट असतात: टंगस्टनच्या दोन बारीक टिकल्या, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उघडणाऱ्या. त्या उघडल्या की प्लगमध्ये ठिणगी पडते. टिकल्यांवर काजळी धरली की पॉलिश पेपरची पट्टी हलक्या हातानं फिरवायची आणि मग पेट्रोलनं पुसून घ्यायच्या, कारण पेपरचा एखादा कण राहिला तरी संपर्क तुटतो. फटीत 0.4 मिलिमीटरचं फिलर गेज अलगद सरकलं पाहिजे. त्यानंतर टायमिंग. प्लगच्या भोकातून मोजपट्टी सोडून पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधायचं, क्रँक थोडा उलटा फिरवायचा आणि पिस्टन साधारण तीन मिलिमीटर खाली आणायचा. नेमक्या याच जागी पॉइंट उघडायला हवेत. जुने मिस्त्री यासाठी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद वापरतात. टिकल्यांच्या मध्ये कागद धरून हळूच ओढत राहायचं आणि क्रँक सावकाश फिरवायचा. कागद सुटला तो क्षण उघडण्याचा. टायमिंग जास्त आधी धरलं तर किक उलटी मारते, इंजिन तापतं. उशिरा धरलं तर चढावर गाडी दम टाकते. हे काम घराच्या अंगणात, चार पान्यांनिशी होतं, आणि नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी.

पुढची कामं मात्र अंगणातली नव्हेत. सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचा आणि पाव पाव मिलिमीटरच्या पायरीनं मिळणारा मोठा पिस्टन टाकायचा. क्रँकचं काम त्याहून नाजूक. तो दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर प्रेसवर सुटा करायचा, पुन्हा दाबायचा आणि डायल गेज लावून दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. ही कला अवगत असलेले हात आता मोजकेच राहिलेत. त्यांच्या शेजारी बसून कुणी शिकतं आहे का, ही सुट्या भागांपेक्षा मोठी चिंता आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटीही हवाबंद लागते, म्हणून दोन्ही बाजूंची ऑइल सील्स फार महत्त्वाची. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून घेतं. ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन भणभणत राहतं, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टन धरतो. काही रुपयांच्या रबराच्या कड्यापायी हजारोंचं काम निघतं.

भाग मिळवायचे तर पुण्यात नाना पेठ आहे. तिथं जुन्या गाड्यांचा माल राखून असलेली दुकानं आहेत आणि दुकानदाराला नुसतं नाव सांगून भागत नाही. जुना भाग रुमालात बांधून सोबत न्यावा लागतो. नव्यानं बनवलेला माल मिळतो, पण त्याचं माप दरवेळी बरोबर असतंच असं नाही. कारखान्याच्या काळातला, न वापरलेला एखादा भाग हाती लागला तर जाणकार भावाची घासाघीस करत नाहीत.

टू-स्ट्रोक गाडी रस्त्यावर वेगळी चालवावी लागते, आणि घाटात तर हे विसरून चालत नाही. इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून, जावाला लिटरमागे साधारण 40 मिलिलिटर. लांबलचक उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोल जवळपास थांबतं आणि त्याबरोबर ऑइलही, पण चाकांच्या जोरावर इंजिन मात्र गरगरत असतं. म्हणून वरंधा किंवा आंबा घाट उतरताना अनुभवी चालक मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडतात. सोबतच्या पिशवीत जास्तीचे दोन प्लग, क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, कंडेन्सर, चेनची लॉक-कडी, प्लगपाना, तार आणि पक्कड असली की बहुतेक अडचणी जागेवर मिटतात. जास्तीची केबल आधीच चालू केबलच्या बाजूनं ओवून ठेवणारेही आहेत. अंधारात, पावसात टाकी उचलायची वेळ येत नाही.

आता बदलांविषयी. जुन्या जावाला 6 व्होल्टचा, 45 वॅटचा डायनॅमो होता. आजच्या महामार्गावर तेवढ्या उजेडात जाणं धोक्याचंच आहे. 12 व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की दिवा नीट लागतो, पॉइंटची कटकट संपते, आणि गाडीला एकही भोक पाडावं लागत नाही. जुना डायनॅमो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवता येतो. चेक प्रजासत्ताकात अशी किट आजही बनतात. जो बदल उद्या परत फिरवता येतो आणि ज्यानं गाडी जास्त चालते, तो बिनदिक्कत करावा.

सायलेन्सरचं मात्र उलट आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर सोडायची नळी नव्हे. सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलणाऱ्या दाबाच्या लाटा त्याच्याच आकारामुळे तयार होतात. आतली जाळी काढून फेकली की आवाज वाढतो, ताकद मात्र बऱ्याचदा घटते आणि पेट्रोल वाया जातं. बुलेटला फटाके फोडणारे सायलेन्सर लावणाऱ्यांचा त्रास तर अख्ख्या गल्लीला होतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते योग्यच झालं. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलात फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही सगळ्या फेरफारांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं होईल. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिथं शेतीची अवजारं जोडली. बैलजोडी परवडत नाही आणि ट्रॅक्टर आवाक्याबाहेर, अशा कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही 'बुलेट सांती' नांगरणी, कोळपणी, पेरणी करू लागली. अनिल गुप्ता यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या नवोन्मेष चळवळीनं तिची नोंद घेतली आणि तिला पेटंटही मिळालं. सौराष्ट्राच्या शेतात जे उभं राहिलं त्यामागे गरज होती आणि यंत्राची खरी समज होती. फ्रेम कापून लांबुळका काटा बसवणाऱ्या बऱ्याच महागड्या दुकानांत ही समज सापडत नाही.

सध्या मालकांना भेडसावणारा प्रश्न पेट्रोलचा आहे. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण पोहोचलं. उसावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा मिळत असेल तर त्याला विरोध करायचं कारण नाही. पण साठ-सत्तरच्या दशकातलं रबर या इंधनासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोलचा कॉक तिथंच असतो. पहिल्या किकला इंजिनात जातं ते ऑइल नसलेलं पाणीदार मिश्रण. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, आणि त्याच जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं. उपाय आहेत: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, कॉकचे नवे वॉशर, एक पायरी मोठा मेन जेट, प्लगचा रंग पाहत राहणं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करावेत. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे गाडी आठवड्यातून एकदा चालवणं.

कागदपत्रांचा प्रश्नही आता जवळ आला आहे. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. फ्रेम आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मोकळीक. सुरुवातीच्या येझदींना पन्नास वर्षं झाली. पहिल्या रोडकिंगला 2028 मध्ये होतील. जिला दर रविवारी पळवायचं आहे तिच्यासाठी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा नेहमीचा मार्गच बरा. त्या वेळी आरटीओत चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलनं ठसा घेतात. फ्रेमला नवीन रंग किंवा पावडर कोटिंग देताना त्या नंबरवर आधी टेप लावून घ्या, असं रंगाऱ्याला बजावून सांगावं. रंगाच्या थराखाली आकडे बुजले तर ठसा उमटत नाही आणि घासून काढायला गेलं की फेरफाराचा संशय मालकावरच येतो.