विमानतळाची गाडी वाटेत का थांबते?

समजा तुमचे काका रत्नागिरीहून आखातात नोकरीला निघाले आहेत. विमान मुंबईचे. कोकण रेल्वेने ते दादरला उतरले, की तेथून भुयारी मेट्रो त्यांना विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत नेते. ही मेट्रो ३ मे २०२५ मध्ये दादरहून जाऊ लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली. लांबी सुमारे ३३.५ किलोमीटर, स्थानके २७. त्यांतली २६ जमिनीखाली!

पण दादर ते टर्मिनल २ यांच्यामध्ये गाडी सात ठिकाणी थांबते. विमान काही काकांसाठी थांबणार नाही. मग गाडी थेट का नेत नाहीत? गणितच करू या.

गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी १ मीटरने वाढतो असे धरा. सेकंदी २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, वेग गाठायला २० सेकंद लागतील. तेवढ्यात ती २०० मीटर जाईल. थांबतानाही तसेच. म्हणजे ४०० मीटरना ४० सेकंद. न थांबता हेच अंतर २० सेकंदांत झाले असते. तोटा २० सेकंदांचा. दारे उघडी राहण्याचे ३० सेकंद त्यात मिळवा. एका थांब्याची किंमत ५० सेकंद! सातही थांबे गाळले तरी वाचतात जेमतेम सहा मिनिटे.

आता दुसरी बाजू पाहा. नुसत्या विमानाच्या उतारूंवर गाडी भरणार किती? रिकाम्या गाड्या दर पाच मिनिटांनी कोण सोडील? समजा, वीस मिनिटांनी एक सोडली. फलाटावर केव्हाही येणाऱ्याला सरासरी त्याच्या निम्मा वेळ थांबावे लागते, म्हणजे अडीच मिनिटांऐवजी दहा. वाचवलेली सहा मिनिटे गेली, वर दीड मिनिट पदरचे!

म्हणून वाटेतल्या कचेऱ्यांतले नोकरदार, विद्यानगरीचे विद्यार्थी आणि विमानतळावरच रोज कामाला जाणारे हमाल, सफाई कामगार, मिस्त्री हवेतच. काका वर्षातून एकदा येणार. गाडी चालते ती या मंडळींवर.

दिल्लीने २०११ मध्ये निराळी वाट धरली. नवी दिल्ली स्थानक ते विमानतळ वेगळा जलद मार्ग, मध्ये फक्त तीन थांबे. तेथे अंतर बरेच लांब, म्हणून वेगाचा फायदा दिसतो. शिवाय काही विमान कंपन्यांचे सामान नवी दिल्ली स्थानकावरच देता येते. काकांना हे फार आवडेल, कारण दादरला लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून मेट्रोपर्यंत दोन जड बॅगा त्यांनाच ओढायच्या आहेत. ती मिनिटेही प्रवासात धरावी लागतात.

एका थांब्याची किंमत तुम्हालाही मोजता येईल. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना घड्याळ घेऊन एस.टी.त बसा. ब्रेक लागल्यापासून गाडी पुन्हा वेग घेईपर्यंतचे सेकंद लिहा आणि तेवढेच अंतर न थांबता जायला किती लागतात ते त्यांतून वजा करा.