उलटली तरी सुलटणारी नौका

विद्यार्थिमित्रांनो, पुढचे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. घट्ट झाकणाचा एक पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्याच्या तळाला आतून चार-पाच जाड नट-बोल्ट चिकटपट्टीने पक्के बसवा, झाकण लावा आणि डबा पाण्याच्या टबात सोडा. तो सरळ तरंगेल, यात नवल काही नाही. आता तोच डबा हाताने उलटा करून सोडा. वजन वर आणि झाकण खाली, तरीही तो खुशाल उलटाच तरंगत राहील. आता झाकणावर मधोमध एक उंचट, हवाबंद डबी घट्ट चिकटवा आणि डबा पुन्हा उलटवा. डबी पुरेशी उंच असेल, तर तुम्ही हात काढताच डबा एका कुशीवर कलेल आणि गर्रकन सुलटा होईल.

असे का झाले? पहिल्या वेळी डबा उलटा होता खरा, पण तो रुंद होता. रुंद वस्तू पाण्यावर ऐसपैस बसते. ती जरा कलली, की कललेल्या बाजूला जास्त पाणी बाजूला सारले जाते आणि पाण्याचा वर ढकलणारा रेटा तिला परत जागेवर आणतो. दुसऱ्या वेळी मात्र हवेने भरलेली डबी पाण्याखाली गेली. तिने सगळा डबा वर उचलून धरला. चेंडूवर उभ्या राहिलेल्या माणसासारखी त्याची गत झाली. वजन उंचावर, आधार अरुंद. किंचित हेलकावा पुरे होतो. नुसते तळाशी वजन असून भागत नाही. वरच्या बाजूला बंद केलेली हवाही लागते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे ज्या प्रतिकृतीबद्दल सांगणार आहे, तिचा जीव याच गोष्टीत आहे.

ती प्रतिकृती आहे जीवनौकेची. जीवनौका म्हणजे मोठ्या जहाजावर टांगलेली होडी नव्हे. किनाऱ्यावर सज्ज असणारी आणि वादळात सापडलेल्या जहाजावरच्या माणसांना आणायला मुद्दाम वादळात शिरणारी नौका, ती ही. ब्रिटनमध्ये असे काम करणारी आर.एन.एल.आय. ही संस्था १८२४ साली स्थापन झाली. ती लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. तिच्या नौकांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बनवण्याचा छंद तिकडे चांगलाच रुजलेला आहे.

पत्र्याची एक होडी

गंमत अशी, की जीवनौका मुळात जन्मालाच प्रतिकृती म्हणून आली. १७८९ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाशी 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचे जहाज वाळूत रुतले आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत त्यावरचे खलाशी बुडाले. जवळ असून कोणी जाऊ शकले नाही, कारण तशा लाटांत टिकेल अशी होडीच नव्हती. तेव्हा साउथ शील्ड्स गावात चांगल्या होडीच्या नमुन्यासाठी दोन गिनींचे बक्षीस लावण्यात आले. विल्यम वुडहेव्ह नावाच्या एका रंगाऱ्याने पत्र्याची छोटी होडी करून पाठवली. तिची दोन्ही टोके उंच होती आणि ती कशीही टाकली तरी सुलटी होई. समितीने त्याला निम्मेच बक्षीस देऊ केले, एक गिनी! पुढच्या वर्षी हेन्री ग्रेटहेडने जी पहिली नौका बांधली, ती उत्तम होती. पण उलटल्यावर आपोआप सुलटणारी नव्हती. १८५१ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने पुन्हा स्पर्धा लावली, तेव्हा नमुने आणि आराखडे मिळून २८० प्रवेश आले. १०० गिनींचे बक्षीस जेम्स बीचिंगच्या आपोआप सुलटणाऱ्या नौकेला मिळाले आणि पुढे हाच प्रकार सुधारून सर्वत्र वापरात आला.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री साउथपोर्टजवळ 'मेक्सिको' हे जर्मन जहाज अडकले. मदतीला गेलेल्या तीन नौकांपैकी दोन उलटल्या आणि त्यांवरचे २७ जण मेले. या दोन्ही नौका सुलटणाऱ्या प्रकारच्याच होत्या! जहाजावरच्या बाराही माणसांना तिसऱ्या नौकेने सुखरूप आणले. या धक्क्यानंतर विचार फिरला. १८८७ मध्ये जी. एल. वॉटसन हे नौकारचनाकार सल्लागार म्हणून आले. त्यांचे म्हणणे असे, की उलटल्यावर सुलटण्यापेक्षा मुळात उलटूच नये अशी रुंद, दणकट नौका बरी. त्या प्रकारच्या नौका कित्येक दशके चालल्या आणि त्यांनी पुष्कळ माणसे वाचवली. पण १९६९ मध्ये ऑर्कनी बेटांवरच्या लाँगहोपची नौका उलटून तिच्यावरचे आठही जण गेले, आणि १९७० मध्ये फ्रेझरबर्गच्या नौकेवरचे पाच जण गेले. तुमच्या टबातला पसरट डबा आठवा. रुंद नौका सहज उलटत नाही, पण एकदा उलटली की उलटीच ऐसपैस बसते. त्यानंतर संस्थेने ठरवले, की १९८० पर्यंत आपल्या सगळ्या मोठ्या नौका आपोआप सुलटणाऱ्या असतील. रुंदीही हवी आणि वर बंदिस्त हवाही हवी. ही हवा ठेवायला जागा मिळाली ती केबिनमध्ये. दारे-खिडक्या पाणबंद असलेली केबिन म्हणजे तुमची ती उंचट डबी.

सोळा, चार आणि चार हजार

आता बांधायला घेऊ. नमुन्यासाठी या संस्थेची 'सेव्हर्न' जातीची नौका घ्या. ही १९९० च्या दशकात सेवेत आली. लांबी १७ मीटर, वजन सुमारे ४१ टन, १२५० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि वेग २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. तिची सोळाव्या हिश्श्याची प्रतिकृती करायची आहे. लांबी सोपी आहे : १७ ला १६ ने भागा, १०६ सेंटिमीटर. रुंदी, उंची, खिडक्या, कठडे सगळे याच भागाकाराने येईल.

वजन मात्र १६ ने भागायचे नाही. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजू सोळाव्या झाल्या, म्हणजे बाजूला सारलेले पाणी १६ × १६ × १६, अर्थात ४०९६ पटींनी कमी झाले. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तरंगणाऱ्या वस्तूचे वजन तेवढेच असले पाहिजे. ४१,००० किलोग्रॅमला ४०९६ ने भागले की येतात १० किलोग्रॅम. बरोबर तेवढे वजन असले, तरच प्रतिकृती रंगवलेल्या जलरेषेपर्यंत बुडेल.

वेगाचा हिशेब याहून मजेदार आहे. नौका पळते तेव्हा ती स्वतःच्या लाटा उठवते आणि तिची चाल या लाटांशी बांधलेली असते. खोल पाण्यात १६ मीटर लांबीची लाट सेकंदाला ५ मीटर जाते, तर १ मीटरची लाट सव्वा मीटर. लांबी सोळा पटींनी कमी झाली, वेग चारच पटींनी. म्हणजे वेग लांबीच्या वर्गमुळाने बदलतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने हे नाते ओळखले. १८७२ मध्ये टॉर्की येथे त्याने लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, आणि आजही नवे जहाज कागदावरून गोदीत जाण्याआधी बहुधा अशा हौदातून जाते. तर आपल्या प्रतिकृतीचा योग्य वेग २५ भागिले ४, म्हणजे सव्वासहा नॉट किंवा ताशी साडेअकरा किलोमीटर. सावकाश चालवलेल्या सायकलीइतका! पुष्कळ हौशी लोक हलकी नौका करतात, तिच्यात दांडगी मोटर घालतात आणि मग ती टोळासारखी उड्या मारत पळते. त्यांना मौज वाटत असेल, पण ती जीवनौका दिसत नाही.

आता शक्ती. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल ४०९६ पटींनी कमी, वेग ४ पटींनी कमी, म्हणून शक्ती १६,३८४ पटींनी कमी. २५०० अश्वशक्तीला याने भागले, तर उत्तर येते सुमारे ११४ वॉट. खऱ्या समुद्रात ४१ टन पळवणाऱ्या राक्षसी इंजिनांच्या जागी घरातल्या एक-दोन छताच्या पंख्यांएवढी शक्ती! अर्थात छोट्या मोटरीत आणि छोट्या पंख्यात शक्ती बरीच वाया जाते, म्हणून बॅटरीकडून दुप्पट तरी मागावी लागते. साधारण २२० वॉट धरा. १२ व्होल्टवर हा प्रवाह १८ अँपिअर होतो. तारा जाड घ्या, आणि बॅटरीच्या तोंडाशी २५ अँपिअरचा फ्यूज बसवायला विसरू नका.

बांधणी

नौकेच्या आराखड्यातून आडवे छेद काढून ते पातळ प्लायवूडचे कापा, लाकडी कण्यावर ओळीने उभे करा आणि वरून प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवा. त्यावर काचतंतूचे कापड आणि रेझीन यांचा थर द्या. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि शिक्षक किंवा मोठे माणूस जवळ असतानाच करा. सेव्हर्नला दोन पंखे आहेत, म्हणून दोन मोटरी लागतात. दोन्ही पंखे एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी फिरतील असे घ्या, नाहीतर नौका सारखी एका बाजूला ओढ घेईल. पंख्याचा दांडा नौकेच्या पोटातून बाहेर जातो, तिथे पितळी नळी बसवून ती ग्रीसने भरावी लागते. पाणी आत शिरते ते बहुतेक वेळा इथूनच.

बॅटरी कोणती घ्यावी? विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला प्रत्येक ग्रॅम जड वाटतो. आपले उलटे आहे. सांगाडा, मोटरी आणि केबिन मिळून दहा किलोपैकी साधारण निम्मेच भरते, उरलेले वजन आपल्यालाच घालायचे असते. म्हणून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बंदिस्त शिसे-आम्ल बॅटऱ्या समांतर जोडल्या, की इंधनही मिळते आणि सव्वाचार किलोच्या आसपास भारही मिळतो. हिशेबाने त्या पूर्ण वेगात पाऊण तास पुराव्यात, पण जड प्रवाहाला अशी बॅटरी आपली सगळी पुंजी देत नाही. अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. लिथियमची बॅटरी याच्या कितीतरी हलकी असते. ती घेतली, तर कमी पडलेले वजन शिशाच्या लगडींनी कण्यालगत भरून काढा. ती ओली किंवा चेपलेली असताना मात्र चार्ज करू नका. तिला आग लागू शकते.

बॅटरी ठेवू नका, बांधा. माझ्या पहिल्या नौकेत मी ती तळाशी नुसती ठेवली होती. तरंगत असताना सगळे बिनबोभाट चालले. मग मोठ्या दिमाखात मी नौका काठीने उलटवली, आणि बॅटरी घसरून थेट केबिनच्या छतावर जाऊन बसली. त्यानंतर ती नौका उलटी इतकी स्थिर तरंगली, की सरळ असताना कधी तरंगली नव्हती. केबिनही मी शेवटी, शोभेची वस्तू म्हणून नुसती वर ठेवण्यासारखी केली होती. तिच्या कडेने पाणी आत आले आणि उरलीसुरली आशाही बुडाली. केबिनला कडेभोवती रबराची पट्टी आणि दाबून बसवणारे स्क्रू हवेत. छत आणि डोलकाठी जितकी हलकी करता येईल तितकी करा. वर ठेवलेला प्रत्येक ग्रॅम तुमच्या विरुद्ध काम करतो.

रेडिओने नौका चालवण्याची कल्पना नवी नाही. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये हौदातली नौका अशी चालवून दाखवली होती. आजचे हौशी संच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. या लहरी हवेतून झकास जातात, पण पाणी त्यांना शोषून घेते. म्हणून ग्राहक यंत्राची तार जलरेषेच्या वर, केबिनमध्ये बसवा. तरीसुद्धा नौका उलटली की तार पाण्याखाली जाणार आणि तुमचा हुकूम तुटणार. अशा वेळी मोटरी आपोआप थांबाव्यात अशी सोय ग्राहकात असते. ती आधीच लावून, ट्रान्समीटर बंद करून तपासून घ्या.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात नौकांच्या प्रतिकृती बनवण्याच्या स्पर्धा असतात. तुमच्यापैकी कोणी त्या विभागात असेल, तर हातोटी असलेला मार्गदर्शक शाळेतच मिळेल.

चाचणी

पहिली चाचणी टबात किंवा शाळेच्या हौदात घ्या. शेततळ्यावर मुळीच जाऊ नका. तिथे प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद अंथरलेला असतो. पाय घसरला, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. रेडिओ आणि मोटरी अजून बसवू नका. त्यांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या त्यांच्याच जागी बांधा. मग नौका ३० अंश कलवून सोडा, नंतर ६०, ९०, १२०, १५० आणि शेवटी पूर्ण उलटी. प्रत्येक वेळी ती परत येते का आणि किती वेळात येते, ते वहीत लिहा. कुठे अडखळली, तर शिसे आणखी खाली न्या किंवा केबिनची बंद जागा वाढवा. दोन्ही उपाय एकदम करू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

सुलटण्याची क्रिया दीड-दोन सेकंदांत संपते आणि खेळण्यासारखी वाटते. ते साहजिक आहे, कारण वेळही वर्गमुळानेच आखूड होतो. प्रतिकृतीतला एक सेकंद म्हणजे खऱ्या नौकेचे चार. मोबाइलवर सेकंदाला १२० चित्रे घ्या आणि ती ३० च्या गतीने दाखवा. त्या चित्रात पाणी जड होते, लाटा मोठ्या होतात, आणि केबिन पाण्याखालून वर येताना छतावरून ओघळणारे पाणी खऱ्या नौकेवरून ओघळावे तसे सावकाश ओघळते.

मग नौका बाहेर काढून केबिन उघडा आणि आतून कोरड्या फडक्याने पुसा. फडके चिंब झाले, तर सायकलच्या पंपाने आत हलकीशी हवा भरा, सांध्यांवर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे कुठे उठतात ते पाहा. पेन्सिलीने तिथे खूण करा, वाळू द्या, आणि रेझीनचा दुसरा हात द्या.