उपासनेतली पायपेटी
मराठी ख्रिस्ती उपासनेतील गायनाचा विचार करताना नारायण वामन टिळकांपासून आरंभ करणे प्राप्त होते. कारण १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत रुजू झालेल्या या कवीने, परकीय चालींवर मराठी शब्द बेतण्याच्या तत्कालीन प्रघातावर न विसंबता, अभंग, ओवी आणि कीर्तन यांना ख्रिस्तमंदिराची दारे उघडून दिली.

तथापि पाश्चात्त्य चालीही लोपल्या नाहीत, आणि त्यांना आधार मिळाला तो पायपेटीचा. वादकाचे पाय भाता चालवीत असल्याने त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, व म्हणूनच सोप्रानो, आल्टो, टेनर व बास हे गायकवृंदाचे चारही पदर त्यास एकसमयावच्छेदेकरून वाजविता येतात. गुडघ्याने दांडी रेटली, की नाद भरत जातो. हातपेटीचा भाता एका हाताने हलवावा लागत असल्याने तिला हे दुष्कर. अभंगाच्या एकेरी चालीस मात्र तीच अधिक शोभते, असे माझे मत आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात मराठी रंगभूमीनेही ही पायपेटी ऑर्गन या नावाने आपलीशी केली.

नाटकातल्या वादकास निदान मुशाहिरा मिळे. मंदिरातला वादक मात्र पुष्कळदा विनावेतन तालमी घेतो, आणि त्याचे नाव दप्तरी क्वचितच नोंदले जाते, याची खंत वाटते.